लक्ष पहाऱ्यावर असतं तेव्हा

२००६ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात जेनिफर वॅस्टर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. इराकच्या युद्धावर जाऊन आलेले ६५४ सैनिक आणि न गेलेले ३०७, अशा दोन गटांच्या लक्ष आणि स्मृतीच्या चाचण्या त्यांनी घेतल्या होत्या. त्या परतल्यावर तर घेतल्याच, पण निघण्याआधीही घेतल्या होत्या. हे ‘आधीही’ फार मोलाचं. आघातावरचं बहुतेक संशोधन घटना घडून गेल्यावर सुरू होतं, आणि माणूस पूर्वी कसा होता हे मग त्याच्या किंवा घरच्यांच्या सांगण्यावरून ठरवावं लागतं. निकाल असा लागला की परतलेल्यांचं सलग लक्ष, शब्द शिकून लक्षात ठेवणं आणि आकृत्यांची स्मृती, तिन्ही थोडी घसरली होती. एका चाचणीत मात्र ते घरी राहिलेल्यांच्या पुढे होते. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं, एवढ्या साध्या कामात त्यांचा हात जास्त चपळ झाला होता.

यांतले बहुतेक सैनिक पीटीएसडीचे, म्हणजे आघातोत्तर ताणविकाराचे रुग्ण नव्हते. तरीही आघातानंतर ‘लक्षच लागत नाही’ असं सांगणाऱ्या माणसाबद्दल गेल्या चाळीसेक वर्षांत जे काही कळलं, त्याची गोम या विसंगतीत आहे असं मला वाटतं. त्याचं लक्ष आटलेलं नसतं, दुसऱ्या कामाला जुंपलेलं असतं. रात्री मचाणावर बसून रानडुकरांपासून पीक राखणाऱ्याला कंदिलाच्या उजेडात पुस्तक वाचायला सांगितलं, तर तो चार ओळींच्या पुढे जाणार नाही, आणि त्याला मंद कुणी म्हणणार नाही. आघातग्रस्ताचं मचाण बाहेरून दिसत नाही, एवढाच फरक. हे मान्य केलं की बरेच प्रश्न सरळ होतात. सगळे मात्र होत नाहीत.

या तक्रारीचं निदानशास्त्रातलं स्थानही डळमळीतच आहे. १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’वर लिहिलं, तेव्हा चर्चा होती ती स्मृती, दृष्टी, चव आणि वास हरवलेल्या सैनिकांची. पीटीएसडी हे नाव अधिकृत झालं १९८० साली, अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या ‘डीएसएम’ या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत. एकाग्रतेची अडचण तेव्हापासून लक्षणांच्या यादीत आहे. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत वीस लक्षणं आहेत आणि त्यांत ती ‘अतिजागरूकते’च्या सहा लक्षणांपैकी एक म्हणून येते. दचकणं, सतत सावध राहणं, चिडचिड, बेफिकीर वागणं आणि झोप उडणं ही तिची भावंडं. यांतली दोन असली तरी त्या गटाची अट पुरी होते, म्हणजे एकाग्रता शाबूत असूनही निदान होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२२ पासून लागू झालेल्या ‘आयसीडी-११’ या रोगवर्गीकरणात हे लक्षण गाभ्यातून काढूनच टाकलं. लक्ष न लागणं नैराश्यात असतं, चिंताविकारात असतं, नुसत्या जागरणातही असतं, मग ते पीटीएसडीची ओळख कसं ठरणार, हा त्यामागचा विचार. निदान नेमकं व्हावं म्हणून हे ठीकच आहे. पण रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर गंमत अशी, की त्याची नोकरी ज्या लक्षणापायी जाते तेच यादीबाहेर पडलं.

बँकेतल्या एका कॅशियर बाईंचं उदाहरण घेऊ. व्यक्ती कल्पित आहे, प्रसंग नेहमीचा. एसटीच्या अपघातातून त्या वाचल्या, हाताचं हाड जुळलं, तीन महिन्यांनी कामावर रुजू झाल्या. नोटांचं बंडल मोजताना सदतिसाव्या नोटेला शेजारच्या दुकानाचं शटर धाडकन खाली येतं. सगळेच क्षणभर मान वळवतात आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात. बाईंचं तसं होत नाही. शटर होतं हे कळायला त्यांना वेळ लागत नाही. पण छातीतली धडधड बसेपर्यंत दाराशी कोण आलं, बाहेर ब्रेक कुणाचा वाजला, याच्यावरून नजर निघत नाही. सदतीस हा आकडा कधीच पुसला गेलेला असतो. पुन्हा पहिल्यापासून मोजणी. संध्याकाळी हिशेबात पाचशे रुपयांचा फरक निघतो आणि मॅनेजर विचारतात, “मॅडम, तब्येत बरी आहे ना? हल्ली लक्ष नसतं तुमचं.” घरी आल्यावर मुलगा शाळेतलं सांगत असतो आणि त्या ‘हं, हं’ करत असतात. युद्ध आपल्याकडे फार थोड्यांच्या वाट्याला येतं, रस्ता सगळ्यांच्या. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं मेली. जखमी होऊन वाचलेले त्याहून कितीतरी अधिक, आणि त्यांतल्या कुणाला पुढे काय होतं याची नोंद बहुधा हाडांच्या विभागात संपते.

आता मोजमापाकडे. २०१५ साली ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये स्कॉट आणि सहकाऱ्यांनी साठ अभ्यास एकत्र करून चार हजारांवर लोकांची आकडेवारी तपासली. पीटीएसडी असलेले लोक सर्वांत मागे पडले ते शब्दांचं शिक्षण, माहिती हाताळण्याचा वेग, आणि लक्ष व कार्यस्मृती या बाबतींत. कार्यस्मृती म्हणजे फोन नंबर ऐकून तो लिहून होईपर्यंत डोक्यात धरून ठेवण्याची ताकद. फरक मध्यम होता. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णात दिसतो तसला मुळीच नव्हता. माणूस चाचणीत ‘नॉर्मल’च्या पट्ट्यात बसतो, फक्त स्वतःच्या पूर्वीच्या जागेपेक्षा खाली. डॉक्टर रिपोर्ट बघून ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात आणि तो आणखी खचतो, याचं एक कारण हे. दुसरं कारण असं, की तक्रार आणि चाचणीचे गुण यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. शांत खोली, समोर एकच काम, शेजारी आश्वासक तपासनीस, अशा अर्ध्या तासात पुष्कळ जण नेट लावून निभावून नेतात. तोच नेट आठ तास लावायचा असतो ऑफिसात, तेही शटरं पडत असताना.

सलग लक्षाची चाचणी तशी कंटाळवाणी असते, आणि मुद्दामच तशी ठेवलेली. पडद्यावर एकेक अक्षर येतं आणि जातं. एक ठरावीक अक्षर सोडून प्रत्येकाला बटण दाबायचं. दहा मिनिटांत माणूस यंत्रासारखा दाबू लागतो आणि नको तिथेही दाबतो. चुका दोन जातींच्या असतात. दाबायला हवं तिथे न दाबणं म्हणजे डुलकी, दाबायला नको तिथे दाबणं म्हणजे हात न आवरणं. १९९१ च्या आखाती युद्धातून परतलेल्या आणि पीटीएसडी असलेल्या सैनिकांमध्ये वॅस्टर्लिंग यांच्या गटाला दुसऱ्या जातीच्या चुका ठळक दिसल्या. शब्दांच्या चाचणीतही नको ते शब्द मध्ये घुसत होते. झोपाळू मेंदूची ही चिन्हं नाहीत. हा मेंदू बंदुकीच्या चापावर बोट ठेवून बसलेला आहे.

संशोधकांना सुरुवातीला मोह पडला तो एका सुबक सिद्धान्ताचा: आघातग्रस्ताचं लक्ष धोक्याकडे ओढलं जातं. पुरावा होता ‘इमोशनल स्ट्रूप’ या चाचणीचा. शब्द रंगीत शाईत दाखवायचा, शब्दाकडे दुर्लक्ष करून फक्त रंग सांगायचा. १९९० साली रिचर्ड मॅकनली यांनी व्हिएतनामहून परतलेल्यांवर ती वापरली. ‘बॉडीबॅग’सारखा युद्धातला शब्द आला की पीटीएसडी असलेल्यांना रंग सांगायला वेळ लागायचा. पुढे बलात्कारपीडित स्त्रियांमध्ये एड्ना फोआ यांना तसंच आढळलं. सिद्धान्त पाठ्यपुस्तकांत गेला. मग २००९ मध्ये किंबल आणि सहकाऱ्यांनी शोधून शोधून सगळे अभ्यास गोळा केले, त्यांत विद्यापीठांच्या कपाटांत पडून राहिलेले अप्रकाशित प्रबंधही होते. छापून आलेल्या अभ्यासांपैकी निम्म्याहून कमी अभ्यासांत हा परिणाम होता, आणि प्रबंधांत जवळजवळ नव्हताच. ज्याला काही सापडलं त्याने छापलं, ज्याला नाही त्याने बाइंडिंग करून ठेवून दिलं. हा रोग फक्त मानसशास्त्राचा नाही, पण इथे तो चांगलाच उघडा पडला. दोनच वर्षांनी झालेल्या दुसऱ्या एकत्रित विश्लेषणात परिणाम पुन्हा दिसला, तेव्हा सिद्धान्त मेला असंही म्हणता येत नाही.

नजरेचा माग काढणाऱ्या यंत्रांनी चित्र जरा स्वच्छ केलं. २०१९ पर्यंतच्या अशा अभ्यासांचा आढावा सांगतो की पीटीएसडी असलेल्यांची नजर धोक्याच्या चित्रावर इतरांच्या आधी पोचते याला पुरावा तोकडा आहे. ती तिथे गेल्यावर रेंगाळते, याला मात्र आहे. कॅशियर बाईंचं शटर आठवावं. मान सगळ्यांनीच वळवली होती. इस्रायली आणि अमेरिकी संशोधकांनी तर वेगळाच धागा काढला. काही जण एका क्षणी धोक्याकडे झेपावतात आणि पुढच्याच क्षणी त्याच्यापासून नजर चोरतात. दोन्हींची सरासरी काढली की उत्तर शून्य येतं आणि संशोधक म्हणतो, ‘कल नाही’. २०१४ च्या सुमाराला या चढ-उताराचंच माप काढायला सुरुवात झाली आणि ते पीटीएसडीशी चांगलं जुळलं. आजवरच्या कल्पनांमधली मला ही सर्वांत पटणारी वाटते, कारण ज्यांनी असं माणूस घरात पाहिलंय त्यांना ती पाहताक्षणी ओळखू येते. टीव्हीवर अपघाताची बातमी लागली की एकदा डोळे फाडून बघणार, एकदा रिमोट फेकणार.

या चढ-उतारासाठी डोक्यात काय खर्ची पडतं? येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टेन यांनी अनेक वर्षं दाखवून दिलंय की नॉरएपिनेफ्रिन हे रसायन बेताचं असेल तर कपाळामागचा मेंदूचा भाग, म्हणजे नियोजन आणि मनावर लगाम ठेवणारा भाग, उत्तम चालतो. तेच ताणाखाली भरमसाट झालं की तो भाग ढिला पडतो आणि सूत्रं भीती हाताळणाऱ्या जुन्या यंत्रणेकडे जातात. शिवाय आठवण दाबून ठेवणं हेही एक कामच आहे. ‘तो विचार मनात आणायचाच नाही’ हे ठरवायला आधी तो विचार कुठे आहे हे बघत राहावं लागतं. बलात्काराच्या आघातातून गेलेल्या स्त्रियांवर शिपर्ड आणि बेक यांनी १९९९ मध्ये हे तपासलं. ज्यांना पीटीएसडी होता त्यांनी विचार दाबून धरला आणि सोडला, तेव्हा तो आधीपेक्षा जोराने उसळला. झोपेबद्दल फार सांगायला नको. रात्री तीन वाजता घामाने भिजून उठलेला माणूस सकाळी अकरा वाजता एकाग्र होईल कसा? आणि काही जणांचं लक्ष पहाऱ्यावरही नसतं, ते सरळ निघूनच जातं. बोलता बोलता माणूस शून्यात बघू लागतो, आजूबाजूचं सगळं काचेपलीकडलं वाटतं. डीएसएमने २०१३ मध्ये या प्रकाराला स्वतंत्र उपप्रकार मानलं. दोघांची तक्रार एकाच शब्दांत येते, उपाय मात्र एक नसावा.

कारण आणि परिणाम यांचा गुंता सोडवताना संशोधकांची खरी दमछाक होते. आघाताने लक्ष बिघडलं, की ज्याचं लक्ष मुळात कच्चं त्यालाच आघात जास्त बाधला? गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी यासाठी एकसारख्या जुळ्या भावांच्या जोड्या घेतल्या: एक व्हिएतनामला गेलेला, दुसरा घरीच राहिलेला. २००६ मध्ये त्यांनी मांडलं ते अस्वस्थ करणारं आहे. पीटीएसडी झालेल्या सैनिकांचे घरी राहिलेले भाऊसुद्धा लक्ष-स्मृतीच्या बऱ्याच चाचण्यांत मागे होते. म्हणजे थोडा भाग जन्मजात किंवा लहानपणीचा असणार. उलट इराकच्या अभ्यासात आधीचं माप हाती होतं आणि तरी घसरण दिसली. दोन्ही खरं आहे असं धरून चालावं, एकाची निवड करण्याचा अट्टहास करू नये.

त्यात डोक्याला मार लागला असेल तर विचारायलाच नको. २००८ मध्ये चार्ल्स होग यांनी इराकहून परतलेल्या अडीच हजार सैनिकांची पाहणी केली. सौम्य मेंदूइजेच्या माथी मारल्या जाणाऱ्या बहुतेक तक्रारी पीटीएसडी आणि नैराश्याचा हिशेब केल्यावर इजेकडे उरल्याच नाहीत. उरली ती डोकेदुखी. भोपाळमध्ये उलटा पेच आहे. डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीतून वाचलेल्यांना विसरायला होतं, लक्ष लागत नाही, हे डॉक्टरांनी वारंवार नोंदवलं. पण विष, फुप्फुसांचा आजार, घरातले मृत्यू आणि ती रात्र हे एकाच माणसात एकत्र आलेलं. त्याचे वाटे कोण आणि कसे पाडणार? नुकसानभरपाईच्या वादात तर ‘हे मानसिक आहे’ हे वाक्य निदान म्हणून कमी आणि हात झटकण्यासाठी जास्त वापरलं जातं. मुलांच्या बाबतीत गोंधळ एडीएचडीशी, म्हणजे लक्ष न लागण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराशी होतो. चुळबुळ, विसरणं आणि चटकन भडकणं दोन्हीकडे आहे. घरात मारहाण पाहणारं मूल वर्गात खिडकीबाहेर बघत बसतं आणि बाई वहीत ‘लक्ष नाही’ असा शेरा देतात. कधीपासून असं होतं, हा एक प्रश्न नीट विचारला तरी अर्धा गुंता सुटतो, कारण एडीएचडी लहानपणापासून असतो आणि आघाताच्या परिणामाला सुरुवातीचा दिवस असतो. अर्थात दोन्ही असलेली मुलंही असतात.

पहारा दर वेळी आजारच असतो असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या आत किल्लारीची जमीन हलली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या आणि लातूर-उस्मानाबादमधली हजारो माणसं गेली. वाचलेल्यांच्या लवकरच झालेल्या एका पाहणीत निम्म्याहून अधिक जणांत मानसिक आजाराचं निदान झालं, नैराश्य आणि पीटीएसडी त्यात आघाडीवर. पण जमिनीचे हादरे बसतच होते, तेव्हा दगडी घरात झोपायला नकार देणारा माणूस कुठल्याही कसोटीवर शहाणाच ठरतो. ज्या बाईचा नवरा अजून मारतोच आहे, तिच्या अतिजागरूकतेवर उपचार करण्याआधी तिला त्या घरातून बाहेर काढावं लागतं. पाश्चात्त्य संशोधनाचा मोठा भाग युद्ध संपवून घरी आलेल्या सैनिकावर उभा आहे. त्याचे निष्कर्ष आपल्याकडे आणताना ‘घरी आलेल्या’ हे शब्द विसरता कामा नयेत.

उपचारांत औषधांनी बरीच निराशा केली आहे. नॉरएपिनेफ्रिनची कल्पना बिनतोड दिसत होती, म्हणून ग्वानफेसिन हे औषध करून पाहिलं. २००६ मध्ये माजी सैनिकांवरच्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिनवर खूप भिस्त होती. २०१८ च्या मोठ्या चाचणीत ते औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. एडीएचडीवरच्या मिथाइलफेनिडेटने थोडी आशा दाखवली, पण ते प्रयोग फार लहान आहेत. आणि आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाते ती झोपेची गोळी, अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम. अमेरिकी माजी सैनिकांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं पीटीएसडीत ही औषधं वापरू नका असंच सांगतात. सवय लागते हे आहेच, शिवाय लक्ष आणि स्मृती तीच मंदावतात. ‘गोळ्या चालू आहेत तरी डोक्यात काही शिरत नाही’ असं म्हणणाऱ्याची चिठ्ठी आधी बघावी.

खरा गुण येतो तो आठवणीला सामोरं जाण्याच्या मानसोपचारांनी. फोआ यांचा ‘प्रोलाँग्ड एक्स्पोजर’, पॅट्रिशिया रेसिक यांची ‘कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी’, फ्रान्सीन शपिरो यांचं ‘ईएमडीआर’. आठवण दाबून ठेवायची गरज संपली की ते बळ मोकळं होतं आणि एकाग्रतेची तक्रार बहुधा ओसरते. पुरी जात नाही. बऱ्या झालेल्यांतही मागे रेंगाळतात ती अतिजागरूकतेची लक्षणं, झोप त्यांत अग्रणी, म्हणून झोपेवर वेगळं काम लागतं. लक्षाच्या सरावाचे संगणकी खेळही आले. त्यातला अनपेक्षित भाग असा, की नजर धोक्यापासून दूर वळवायला शिकवणाऱ्या खेळापेक्षा, धोक्याचं चित्र असो वा नसो, काम सारखंच करायला लावणारा खेळ २०१५ च्या प्रयोगांत जास्त उपयोगी पडला. चढ-उताराच्या कल्पनेशी हे जुळतं.

ध्यानाबद्दल महाराष्ट्रात विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. कुणी ना कुणी इगतपुरीच्या विपश्यना शिबिराला जा म्हणून सांगतोच. सजगतेच्या आठ आठवड्यांच्या वर्गाने माजी सैनिकांची लक्षणं काहीशी कमी झाली हे २०१५ च्या चाचणीत दिसलं, पण तो वर्ग आठवड्यातून एकदाचा, आणि बोलायला मोकळीक असलेला. दहा दिवस मौन पाळून, डोळे मिटून तासन्‌तास बसणं ही वेगळी गोष्ट. ज्याच्या मिटल्या डोळ्यांपुढे एसटी उलटते त्याला उपचार करणाऱ्याशी बोलल्याविना तिथे धाडू नये, इतकं स्पष्ट मत द्यायला मी कचरत नाही.

उपचार लागू पडेपर्यंत नोकरी टिकवायची तर साध्या सोयी पुरतात: पाठ भिंतीला लागेल अशी खुर्ची, दार नजरेच्या टप्प्यात, मोजणीचं काम काउंटर उघडण्याआधी, तोंडी सूचनेऐवजी चिठ्ठी, आणि मध्येच हाक मारायची नाही. खर्च जवळजवळ शून्य. पण त्या मागायच्या कुठल्या हक्काने? मानसिक आजाराचं अपंगत्व आपल्याकडे ‘आयडियाज’ या मोजपट्टीवर ठरतं. तिच्यात स्वतःची निगा, माणसांशी वागणं, संवाद व आकलन आणि काम यांचे गुण असतात आणि आजार किती वर्षं आहे त्याचे. कॅशियर बाई अंघोळ करतात, शेजारणीशी बोलतात, सांगितलेलं समजतात, रोज कामावर जातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले बरेचसे लाभ मिळायला चाळीस टक्के लागतात, आणि एकच बंडल तीनदा मोजावं लागतं याला त्या तक्त्यात स्वतंत्र रकाना नाही.